घर कुणाचं, नळ कुणाचा

(अवसरी बुद्रुक, ता. आंबेगाव इथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या दादांनो,

मी या गावची माहेरवाशीण. भैरवनाथाच्या यात्रेला येते, चार दिवस राहते, भावजयीच्या हातचं खाते आणि परत पिंपरीला जाते. गावात हातात माईक घ्यायची ही पहिलीच वेळ आहे. मला सांगितलं होतं, ‘बाई आणि कायदा’ यावर बोला. मी म्हटलं, कायद्यावर वकीलबाई बोलतील. मी नळावर बोलते. चाळीस वर्षं मी एका सरकारी वसाहतीत राहिले. कायदा जो काही कळला तो नळाच्या रांगेतच कळला.

आधी आईचं सांगते. आमची आई पहाटे चारला उठायची, कारण उजाडायच्या आत बाहेर जाऊन यायला हवं. दिवसा बाई तिकडे जाऊ शकत नाही. म्हणून ती संध्याकाळी पाणी कमी प्यायची. अर्धपोटी राहणारी बाई आपल्याला माहीत आहे, पण मुद्दाम तहानलेली राहणारी बाईही घरोघर होती. तिची कुणी नोंद केली नाही. पुढे ऊस वाढला, उसाबरोबर बिबट्या आला. आज आंबेगाव, जुन्नर, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत संध्याकाळनंतर बाई-मूल बाहेर पडायला घाबरतं. तेव्हा संडास घरात असणं ही काही शहरी चैन नाही.

माझं लग्न १९८४ साली झालं. नवरा पिंपरीला कारखान्यात. त्याला कामगारांसाठी बांधलेल्या सरकारी वसाहतीत घर मिळालेलं होतं, भाडे-खरेदीवर. म्हणजे दरमहा हप्ता भरायचा, सगळे हप्ते फिटले की घर आपलं. वसाहतीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कोणत्याही वसाहतीत घडू शकलं असतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी आणि आत संडास. मी पहिल्या दिवशी तो संडास बघून रडले. भावजय म्हणते, नवीन नवरी माहेर आठवून रडली असेल. मी आनंदाने रडले होते.

आनंद आठवडाभर टिकला. संडास होता, पण नळाला पाणी यायचं रात्री दोनला. आणि ते आलेलं पाणी पहाटेपर्यंत भरून ठेवायचं कुणी? कारखान्यातला माणूस तिसऱ्या पाळीला गेलेला नाही तर झोपलेला. आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं. रात्री दोनला बाराच्या बारा बायका जिन्यात हंडे-कळश्या घेऊन. तिथे माझी सगळ्यांशी ओळख झाली. कुणाची पाठ दुखते, कुणाचे दिवस गेलेत, कुणाच्या गालावर वळ आहे, सगळं त्या जिन्यात चाळीसच्या दिव्याखाली दिसायचं. आमचं महिला मंडळ कुठल्या सभागृहात सुरू झालं नाही. ते जिन्यात सुरू झालं.

एकदा आम्ही पाच-सहा जणी कचेरीत गेलो आणि वसाहतीचा नकाशा मागितला. साहेब हसले, म्हणाले, तुम्हाला कळणार आहे का? एकीने सांगितलं, बेतणं-शिवणं येतं, कापड कुठे कापलंय ते कळतं. नकाशा पाहिला. त्यात एका चौकोनावर ‘बालवाडी’ लिहिलं होतं, एकावर ‘बाग’, एकावर ‘दुकाने’. दुकानं होती, त्यात दारूचं एक होतं. बालवाडीच्या चौकोनात पत्रे उभे करून कुणीतरी आपल्या गाड्या लावत होता. बागेच्या जागी बाभळी. म्हणजे सरकारने कागदावर आम्हाला जे दिलं होतं, ते कुणीतरी मधल्या मध्ये घेतलं होतं, आणि नकाशा बघेपर्यंत आम्हाला चोरी झाल्याचंच ठाऊक नव्हतं.

पुरुषांनीही त्या वर्षी मागण्या दिल्या होत्या. खोटं कशाला बोलू, चांगल्या होत्या. क्रिकेटचं मैदान, गणपतीला मंडपाची जागा, वाचनालय. आमच्या मागण्या वेगळ्या होत्या: पाणी दिवसा सोडा, जिन्यात आणि वळणावर दिवा लावा, रेशनचं दुकान किती वाजता उघडतं ते पाटीवर लिहा, बस कारखान्याच्या पाळीसारखी शाळेच्या वेळेलाही सोडा, आणि कपडे वाळत घालायला दोरीची जागा द्या. या शेवटच्या मागणीला साहेब पुन्हा हसले. त्यांना कसं सांगणार? त्या घराला गॅलरी नव्हती. पाळीची फडकी आम्ही साडीच्या खाली, मोरीच्या अंधारात वाळवायचो. ती ओली-दमटच परत घ्यायची. निम्म्या बायकांना अंगाची आग आणि खाज, आणि डॉक्टरकडे जायची लाज. घराचा नकाशा काढणाऱ्याला घरात कोणकोण काय काय करतं हे माहीत नसलं की असं होतं. बाई काय काय करते, ते तर त्याने कुणाला विचारलेलंच नसतं.

हे आमच्यापुरतं नव्हतं. आपल्या आंबेगाव-जुन्नरची माणसं पूर्वीपासून मुंबईला जायची, गिरणीत, माथाडीत, डबे पोचवायला. तिथे इंग्रजांच्या काळात, १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत, सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. एका खोलीत गावाकडचे दहा-दहा पुरुष राहायचे आणि एखादी बाई त्या सगळ्यांचा स्वयंपाक करायची. खोली सरकारने मजुराची म्हणून बांधली, पण तिथे बाई दिवसभर कामच करत होती. तिची भट्टी तिथेच होती. अशा खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराकडून सुटायचं तर घरात जे चालतं ते काम आहे हे आधी बँकेला पटवावं लागलं. त्या चाळींच्या जागी आता टॉवर होताहेत, वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षं लागली.

आणि मृणालताई गोरे. गोरेगाव तेव्हा उपनगर, वस्ती वाढत होती आणि पाणी नव्हतं. त्या १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या, आणि लोकांनी त्यांना नाव ठेवलं ‘पाणीवाली बाई’. पुढे आमदार झाल्या, खासदार झाल्या, तरी ते नाव सुटलं नाही. मला ते नाव फार आवडतं. आपल्याकडे बाईला पाणी भरणारी म्हणतात. पाणी आणणारी म्हणायला मोर्चा काढावा लागतो. नंतर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेतर्फे गोरेगावला हजारो घरांची वसाहतही उभी केली.

आमचं पाणी तीन वर्षांनी दिवसा आलं. हंडा-मोर्चे दोन, घेराव एक, आणि साहेबांच्या टेबलावर एकदा आमच्या नळाचं गढूळ पाणी बाटलीत भरून ठेवलं होतं. बालवाडी सात वर्षांनी झाली. दोरीची जागा शेवटपर्यंत नाही मिळाली, आम्ही गच्चीचं कुलूप तोडलं. पिंपरीत इतर गोष्टीही होत गेल्या. संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय १९८९ मध्ये सुरू झालं, आणि इथल्या, म्हणजे आपल्या मंचर-अवसरीकडच्या किती तरी बायका बाळंतपणाला, ऑपरेशनला आमच्याकडे मुक्कामाला यायला लागल्या. आज तिथून मेट्रो जाते, २०२२ पासून. सोयी येतात. भांडल्यावर येतात, कधी न भांडताही येतात. पण मला आता एक गोष्ट सांगायची आहे, जी सगळ्या सोयी आल्या तरी तशीच राहिली होती.

माझ्या शेजारणीला आम्ही आक्का म्हणायचो. तीही आपल्याच तालुक्यातली. नवरा कारखान्यात होता, पण पगाराचा निम्मा भाग त्या दारूच्या दुकानात जायचा, ज्याला नकाशात जागा मिळाली होती. आक्का शिवणकाम करायची, उन्हाळ्यात पापड-कुरडया. घराचा हप्ता तिनेच भरला, सलग सात वर्षं. दर महिन्याला कचेरीच्या खिडकीत जाऊन रांगेत उभी राहायची, पैसे द्यायची, पावती घ्यायची, आणि पावत्या पत्र्याच्या डब्यात तारखेवार लावून ठेवायची. मी तो डबा पाहिला आहे. प्रत्येक पावतीवर नाव नवऱ्याचं.

१९९१ साली, दिवाळीच्या आधी, ती मंडईतून परत आली तर दाराला दुसरंच कुलूप. नवऱ्याने घर विकलं होतं. अशी घरं ठरावीक वर्षं विकता येत नाहीत, म्हणून कुलमुखत्यारपत्र करून द्यायचं, पैसे घ्यायचे आणि ताबा द्यायचा, अशी रीत सगळीकडे पडलेली होती. विकत घेणारा काही गुंड नव्हता. साधा माणूस होता, गावाकडची जमीन विकून आला होता. त्यालाही फसवलं होतंच. आम्ही वीसेक जणी त्या दारात दोन दिवस बसलो. पोलीस आले, म्हणाले, घरगुती मामला आहे. कचेरीत गेलो, तर खिडकीतला माणूस, जो सात वर्षं आक्काच्या हातून पैसे घेत होता, तो म्हणाला, या बाईचा आणि घराचा संबंध दाखवणारा कागद आणा. आक्काने डबा उघडून सगळ्या पावत्या खिडकीत ठेवल्या. त्याने त्या नीट चाळल्या, आणि परत दिल्या. म्हणाला, यावर तुमचं नाव कुठे आहे?

घर नाही मिळालं. मला इथे ‘शेवटी विजय झाला’ असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. आक्का दोन मुलं आणि शिलाई मशीन घेऊन माहेरी आली, भावाच्या पडवीत राहिली. डबा बरोबर आणला होता.

त्या वेळी तिच्या बाजूने काय होतं? फार थोडं. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं होतं, आपल्या इथूनही बायका गेल्या होत्या. त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, नवऱ्याने आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची. पुष्कळांनी केली. पण आपणहून देणारा नवरा असला तरच. कायद्याने यायला वेळ लागला. महाराष्ट्राचं महिला धोरण १९९४ मध्ये आलं, त्याच वर्षी मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती राज्यात झाली, देशभर ती २००५ मध्ये झाली. आणि त्याच २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला, २००६ च्या ऑक्टोबरपासून तो लागू आहे. त्यात असं आहे की ज्या घरात बाई नांदली, त्या घरात राहायचा तिला हक्क आहे, कागद कुणाच्याही नावावर असो. न्यायालयाच्या हुकुमाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्याच कारणाने हा हक्क बुडत नाही. आक्काच्या वेळी हे असतं तर खिडकीतल्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर होतं. पण राहायचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी, हे विसरू नका. राहायचा हक्क वापरायला कोर्टात जावं लागतं. उताऱ्यावर नाव असलं तर विकणाऱ्याला तुमच्याकडे यावं लागतं.

आता गावाकडे येते. तुम्ही म्हणाल, ही सगळी शहरातली वसाहतीची गोष्ट झाली. अगं, वसाहत आता गावात आली आहे. इंदिरा आवास योजना १९८५ पासून होती, २०१६ पासून ती प्रधानमंत्री आवास योजना झाली, रमाई आहे, शबरी आहे. आपण सगळ्याला ‘घरकुल’ म्हणतो. पंतप्रधान योजनेचं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार, टप्प्याटप्प्याने बँकेच्या खात्यात. संडासाचे पैसे वेगळे, रोजगार हमीची मजुरी वेगळी. आणि नियम असा आहे की घर बाईच्या नावाने किंवा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचं. हा नियम छापील आहे. आता मला हात वर करून सांगा, घरकुल मिळालेल्या किती जणींनी आपला मंजुरीचा कागद स्वतः वाचला आहे? ... बरं. तीन. आणि पैसे कुणाच्या खात्यात आले? ... हसताय, म्हणजे मला कळलं.

सरकारने बांधून दिलेलं गावही आपल्या तालुक्यात आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. आमडे इथे नवं माळीण उभं राहिलं, २०१७ च्या एप्रिलमध्ये लोक राहायला गेले. शाळा, रस्ते, गोठे, नळ, सगळं आखून केलेलं. आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात भराव खचला, रस्त्यांना भेगा गेल्या. ज्यांनी एकदा डोंगर अंगावर घेतला त्या बायकांनी ती रात्र कशी काढली असेल. मी चुका काढायला हे सांगत नाही, घरं चांगली आहेत. पण डोंगराचं पाणी कुठून उतरतं हे गुरांमागे फिरणाऱ्या बाईला माहीत असतं, तिला आखणीच्या वेळी विचारायला हवं, एवढंच. ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. उठणं आणि पुन्हा वसणं या तालुक्याला नवं नाही. तरी दर वेळी यादी घरातल्या पुरुषाच्या नावाने होते.

आता माझ्यावर येते, कारण दुसऱ्यांचंच सांगून मोकळं होणं बरं नाही. वडील गेले त्यानंतर वर्षभरात भाऊ पिंपरीला आला, साडी घेऊन. बरोबर हक्कसोडपत्र होतं. म्हणाला, बहिणींनी सही केली की सातबारा सरळ होईल. मी मंडळात बायकांना हक्क शिकवणारी बाई. मी सही केली. का केली? कारण यात्रेला यायचं होतं. सही केली नसती तर दार बंद झालं असतं, हे भाऊ बोलला नाही, त्याला बोलावं लागलं नाही. भाऊ इथेच बसला आहे, चिडू नकोस दादा. तू वाईट नाहीस. पण माहेर हे सहीच्या बदल्यात मिळायला लागलं तर ते माहेर कसं, हे मी अजून स्वतःला विचारते. तुमच्यातल्या बहुतेकींनी अशी सही केली आहे. ज्यांची करायची राहिली आहे त्यांनी साडी घ्या, कागद वाचायला ठेवून घ्या.

थोडं कामाचं सांगते. ग्रामपंचायतीत नमुना नंबर आठ असतो, घरपट्टीचं रजिस्टर. त्यात घराच्या मालकाचं नाव असतं. घरावर दोघांचं नाव लावायचं, असं सरकारने २००३ सालीच ग्रामपंचायतींना कळवलेलं आहे. त्याला अर्ज लागतो आणि नवऱ्याची संमती. संमती मागताना घरात काय होतं बघा, पुष्कळ काही शिकायला मिळतं. जेवायला वाढताना मागू नका, चारचौघींच्या समोर मागा.

दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हे कायद्यात आहे. ती झाल्याची सही रजिस्टरवर घरोघर फिरवून घेतात. सही करू नका, सभा मागा. ग्रामपंचायतीने उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो कशावर झाला ते त्या सभेत विचारा. निम्म्या जागा २०११ पासून बायकांच्या आहेत, तर उत्तर द्यायला बाईच उभी राहील. तिच्या नवऱ्याला मात्र बसायला सांगा. जलजीवनचा नळ दारात आला असेल तर माणशी दिवसाला ५५ लिटर हे त्याचं माप आहे. पण मी आणखी एक विचारीन: किती वाजता? माझ्या आयुष्यातली सगळी भांडणं या दोन शब्दांवर झाली.

आक्काचं राहिलं. भावाच्या पडवीतून तिने बारा वर्षांनी स्वतःची दोन खणांची जागा घेतली, मशीनच्या पैशांवर. पुढे तिला घरकुल मिळालं. ग्रामसेवकांनी उतारा हातात दिला तेव्हा तिने तो तिथेच उभं राहून वाचला, आणि म्हणाली, माझ्या नावापुढे बापाचं नाव घातलंय ते ठीक, पण ‘भोगवटादार’मध्ये भावाचं का? दुरुस्त करून घेतल्यावरच हलली.

ती आज आली आहे, तिकडे खांबाजवळ बसली आहे. भाषण करणार नाही म्हणाली. पण तो डबा बरोबर आणला आहे, आणि उताऱ्याचा अर्ज कसा लिहायचा ते ती दाखवणार आहे. कोरे कागद माझ्याकडे आहेत. ज्यांना मंगळवारी ग्रामपंचायतीत यायचं आहे त्यांनी चहा घेऊन तिच्याजवळ बसा. आणि कुणीतरी मागचा दिवा लावा, तिला आता बारीक अक्षर दिसत नाही.